अण्णांनी बांधलेलं इंजिन

राजूर मागं पडलं होतं आणि टेंभुर्णी आठ-दहा किलोमीटरवर राहिली होती, तेव्हा गाडी बंद पडली. रविवारची सकाळ होती. जालन्याहून मी एकटीच माहेरी निघाले होते. झटका बसला नाही, धूर आला नाही. इंजिनाचा आवाज एकदम गेला आणि स्टिअरिंग हाताला जड लागायला लागलं. गाडी आपल्या वेगानं थोडी पुढं गेली, ती मी कापसाच्या एका शेताच्या कडेला घेतली. दोन-तीनदा चावी मारून बघितली. आतलं यंत्र फिरत होतं, पण फार हलकं, रिकामं रहाट फिरावं तसं.

मी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होते आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. अर्ध्या तासात ते एकाच्या मोटरसायकलवर मागं बसून आले. बॉनेट उघडलं, कान जवळ नेला आणि मला म्हणाले, "मार एकदा." मी चावी फिरवली. त्यांनी लगेच हात वर केला.

"बस. काढ चावी."

"काय झालं?"

"साखळी तुटली आतली. व्हॉल्व्ह वाकले असतील."

इंजिनाच्या आत एक साखळी असते. वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांचा मेळ ती ठेवते. कोणी कधी वर यायचं आणि कोणी कधी खाली जायचं, हे सगळं तिच्यावर. ती तुटली की दोघं एकमेकांवर आदळतात. मला हे आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की दोन महिन्यांपूर्वी अण्णांनी मला याबद्दल सांगितलं होतं. असंच एका सोमवारी पहाटे मी जालन्याला निघाले होते. ते तोंड धुता धुता फाटकापाशी आले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "साखळी वाजून राह्यली, बाई. पंधरा दिवसांत बघून घे." मी हो म्हणाले. मी एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत शंभर-शंभर दाणे ठेवायचे आणि त्यांतले किती उगवले ते मोजायचे, हे माझं काम. हंगामाचे दिवस होते. आवाज मलाही रोज ऐकू यायचा. सकाळी गाडी सुरू केली की खडखड व्हायची, गरम झाली की थांबायची. थांबली की मी विसरून जायची.

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी मला एवढंही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. एका ट्रॅक्टरवाल्याला हात केला, दोर बांधला आणि ओढून नेताना स्वतः माझ्या जागी बसले. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो, तो माझ्याच्यानं दाबला जायचा नाही म्हणून. मी शेजारी बसले. ट्रॅक्टरच्या मागं आम्ही हळूहळू गावात शिरलो. ओळखीची माणसं थांबून बघत होती आणि अण्णा एकेकाला मान हलवत होते.

मी म्हणाले, "जालन्याच्या गॅरेजला नेऊ या." ते म्हणाले, "घरीच करू."

त्यांनी घरी करणं म्हणजे काय, हे मला कळत होतं, आणि त्यातली अडचणही कळत होती. वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. कपबशी हातात घेतली की वाजायची, म्हणून माय त्यांना अर्धा पेला भरून चहा द्यायची. सही करताना ते डाव्या हातानं उजवं मनगट धरायचे. तरी गावातले लोक विहिरीच्या मोटारी, स्कूटर, फवारणीचे पंप घेऊन त्यांच्याकडे यायचेच. कारण एक गोष्ट मी स्वतः बघितली होती. त्यांनी पाना हातात घेतला आणि नटावर बसवला की थरथर थांबायची. "वजन लागतं त्याला," ते म्हणायचे. "हातात काम असलं की गप बसतो."

माझा भाऊ पुण्याला असतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, चांगल्या नोकरीत. त्याला फोनवर सांगितलं तर तो चिडला. "ताई, त्यांना नादी लावू नको. सत्तरीला आलेत. इंजिन अंगावर पडलं म्हणजे?" मी म्हणाले, "मी असते ना सोबत." तो म्हणाला, "तू काय करणार आहेस सोबत राहून?" त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, पण मला ते लागलं. घरात पान्यांची पेटी उघडली की अण्णा हाक मारायचे ती त्याला. मला मात्र कधीच नाही. तो पाच मिनिटांत कंटाळून पळायचा आणि मी दारातून बघत राहायची.

आता चव्वेचाळिसाव्या वर्षी मी दर शनिवारी संध्याकाळी बसनं टेंभुर्णीला जायला लागले आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. माझा नवरा एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये आहे. शिफ्टमुळं रविवार त्याचा मोकळा नसायचाच. तो म्हणाला, जा.

घराला लागून पत्र्याचं शेड होतं. पूर्वी तिथं म्हैस बांधलेली असायची. अण्णांनी ते झाडून काढलं, आडव्या गर्डरला मागून आणलेली चेन-कप्पी टांगली आणि तिनं इंजिन वर ओढून काढलं. काढण्याआधी प्रत्येक वायरला चिंधी बांधली आणि चिंधीवर आकडा घातला. बोल्ट बरण्यांत ठेवले. मायच्या लोणच्याच्या तीन बरण्या त्यात गेल्या. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

शेडमध्ये आणखी एक माणूस रोज असायचा. अण्णांचा डेपोतला जुना सोबती, निवृत्त कंडक्टर. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. लहानपणापासून मी त्यांना बघत आले होते, ईदला त्यांच्या घरचा डबा आमच्याकडे यायचा. ते उलट्या खोक्यावर बसून पेपर वाचायचे आणि मधून मधून अण्णांना टोकायचे. "उस्ताद, ये गाडी इस जनम में चलेगी ना?" अण्णा मान वर न करता म्हणायचे, "तुझी डबल बेल मिळाली की निघाली."

इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, खोललं त्या रविवारी मी तिथं होते. सोळापैकी आठ व्हॉल्व्ह वाकले होते. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या खुणा उमटल्या होत्या. खालचं तेलाचं चेंबर उघडलं तर त्यात साखळी ज्या पट्टीवरून सरकते तिचे काळे तुकडे सापडले. अण्णांनी तुटलेली जुनी साखळी पेपरवर सरळ ठेवली आणि तिच्याशेजारी नवी ठेवली. एवढ्याशा लांबीत जुनी अर्ध्या कडीनं जास्त भरली. मग चेंबरमधल्या तेलात बोट बुडवून त्यांनी ते अंगठ्यावर चोळलं आणि बोट माझ्यापुढं धरलं. काकवीसारखं जाड तेल, त्यात बारीक कचकच. तेल बदलायची वेळही मी कित्येक महिने टाळली होती. त्यांनी बोट फडक्याला पुसलं आणि पुढच्या बोल्टकडे वळले. मी खाली मान घालून बरण्यांची झाकणं लावत बसले.

पण त्या दोन-अडीच महिन्यांसारखे दिवस मी अण्णांसोबत पूर्वी कधी घालवले नव्हते. त्यांनी मला नवे व्हॉल्व्ह बसवायला शिकवलं. व्हॉल्व्हच्या कडेला पेस्ट लावायची, त्याच्या माथ्याला रबराची वाटी असलेली काठी चिकटवायची आणि दोन तळहातांत ती रवीसारखी फिरवायची. म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांना घासून बरोबर जुळतात. सुरुवातीला खरखर आवाज येतो. "ऐकत राह्य," ते म्हणाले. "आवाज मऊ झाला की थांबायचं. नजरेनं न्हाई कळत, कानानं कळतं." एक व्हॉल्व्ह करायला मला पाऊण तास लागला. तळहाताला फोड आले. सगळे झाल्यावर त्यांनी हेड उलटं ठेवलं, प्रत्येक खोलगटीत रॉकेल ओतलं आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तर एक थेंबसुद्धा खाली उतरला नव्हता. अण्णांनी वाकून सोळाही जागा बघितल्या. चाचांना म्हणाले, "हे बघ. डेपोत एवढं साफ काम मी कोणाचं बघितलं न्हाई." चाचा म्हणाले, "तुझं पण नाही?" अण्णा म्हणाले, "माझं पण न्हाई." मी बापाकडून असलं काही ऐकायला तोवर थांबलेच होते, हे मला त्या क्षणी समजलं.

इंजिन परत गाडीत बसवलं तेव्हा भाऊ गावात आला होता. नात्यातलं लग्न होतं. शनिवारी लग्न झालं आणि रविवारी सकाळी अण्णा शेवटच्या कामाला बसले. बॅटरी जोडून दिवे, हॉर्न, वायरी तपासल्या. मग पुढची बाजू उघडी ठेवून नवी साखळी चढवली. दातांवरच्या खुणा जुळवल्या. मला वाकायला लावून तीनदा बघायला लावलं. साखळीला ताण देणारा एक पुर्जा असतो, टेन्शनर. तो दाबून त्याला एक बारीक पिन घातलेली होती. अण्णांनी त्या पिनेवर बोट ठेवलं.

"ही आत हाय तोवर साखळी ढिली. इंजिन जरासुद्धा हलवायचं न्हाई. पिन काढायची, मंग हातानं दोन फेरे द्यायचे, मंग कव्हर, मंग तेल. आणि चावी?"

"सगळ्यात शेवटी," मी म्हणाले.

"बराबर. पिन तू काढ. मी आल्यावर काढ, माझ्यासमोर."

कव्हर चिकटवायच्या गमची नळी वाळून गेली होती. ती आणायला ते चाचांच्या स्कूटरवर बसून बाजारात गेले.

तेवढ्यात भाऊ चहाचे पेले घेऊन शेडमध्ये आला. एक मला दिला. उघड्या इंजिनाकडे बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ताई, काल पंगतीत बघितलंस का? अण्णांच्या पत्रावळीतलं निम्मं खाली सांडलं होतं. समोरचा माणूस दुसरीकडं बघत होता." मी बघितलं होतं.  तो म्हणाला, "तू त्यांना हे खेळणं दिलंस. तीन महिने. आता हे चालू झालं नाही तर त्यांना काय वाटेल, याचा विचार केला का? आणि हे चालू व्हायचं नाही."

"का नाही व्हायचं?"

"त्या हातानं?"

मी पेला खाली ठेवला. "बघ मग," असं म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

पुढं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते की रागाच्या भरात पिनेचं ध्यानातच राहिलं नाही. ते खरं नाही. मला पिन आठवत होती. आठवत असताना मी मनाशी म्हणाले, एक सेकंद फिरवू, इंजिन फिरतं एवढं त्याला दाखवू आणि बंद करू. एका सेकंदानं काय होतंय.

मी चावी फिरवली. एक फेरा नीट झाला असेल. मग आतून खट्, खट् आणि नंतर खडाड असा आवाज आला आणि सगळं अडकलं. चावी माझ्या हातून आपोआप मागं आली. पत्र्यावर बसलेले पारवे उडाले.

"काय झालं?" भाऊ म्हणाला.

मी म्हणाले, "काही नाही."

उतरून बघायची माझ्यात हिंमत नव्हती, तरी उतरले. साखळी वरच्या चाकावरून सरकून बाजूला लोंबली होती. पिन जागेवर होती.

अण्णा आले तेव्हा आम्ही दोघं तसेच उभे होतो. चाचा स्कूटर स्टँडवर लावत होते. अण्णांनी हातातली पिशवी फळीवर ठेवली आणि वाकून बघितलं. पिन बघितली, साखळी बघितली. मग मान वळवून गाडीच्या उघड्या दाराकडे आणि आत लावलेल्या चावीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

भाऊ म्हणाला, "ताईनं चावी मारली, अण्णा. मोठा आवाज झाला."

अण्णा जरा वेळ तसेच वाकलेले राहिले. मग सरळ उभे राहिले.

"मीच सांगितल्तं तिला," ते म्हणाले. "जाताना म्हणल्तो, एकदा चावी मारून बघ. पिन काढायची माझी राह्यली."

 फडक्याला हात पुसायची गरज नव्हती, तरी अण्णा पुसत होते. उजवा हात थरथरत होता आणि फडकं त्यात हलत होतं. भावानं कपाळाला हात लावला आणि अगदी हळू म्हणाला, "अण्णा, अण्णा." त्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाला म्हणावं तसं तो म्हणाला, आणि तेच ऐकवत नव्हतं. चाचांना शांतता सहन होत नाही. ते हसून म्हणाले, "अरे यार, तीस साल में पैली बार तू पिन भूल गया."

"वय झालं," अण्णा म्हणाले.

त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की त्यांनी सांगितलं नव्हतं, मी मारली. तोंड उघडलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी फळीवरची पिशवी उचलली आणि गमची नळी काढून मायच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. काहीतरी करायचं म्हणून.

पुढची सगळी व्यवस्था भावानं केली. दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन थांबले आणि जालन्याहून उचलून नेणारी गाडी आली. अण्णांनी नको म्हटलं नाही. चिंध्या बांधलेल्या कोणत्या वायरी कुठल्या, ते त्या ड्रायव्हरला समजावून सांगत राहिले. त्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

जालन्याचा गॅरेजवाला वयस्कर माणूस होता, कामात शांत. आठ दिवसांनी मी गेले तेव्हा त्यानं हेड काढून ठेवलं होतं. बारा व्हॉल्व्ह वाकले होते, चार वाचले होते. तो म्हणाला, "मॅडम, हे काम कोणी केलंय? बोल्ट सगळे एकसारखे कसलेत, बैठका काचेसारख्या आहेत. एवढं करणारा माणूस पिन कसा विसरेल, तेच मला समजेना."

मी त्याला म्हणाले, "ते विसरले नव्हते. ते आणायला गेले होते काहीतरी आणि मी चावी फिरवली."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "मग घरी काय सांगितलं?"

अण्णांनी दोष स्वतःवर घेतला आणि मी गप्प राहिले, ते मी सांगितलं. त्यानं हातातला व्हॉल्व्ह बाजूला ठेवला. "हे मला सांगून काय उपयोग," म्हणाला आणि कामाला लागला.

मी खरंच पुढच्या शनिवारी टेंभुर्णीला गेले, सांगायचं असं ठरवून. अण्णा अंगणात बसून डिझेलमध्ये पाने धुत होते. धुतलेला प्रत्येक पाना पुसून, तेलाचा हात लावून गोणपाटावर ठेवत होते. मला वाटलं, नवीन काही काम आलं असेल. मी शेजारी बसले.

"अण्णा, पुण्याला फोन करून मी त्याला खरं सांगते."

"काय सांगतीस?"

"पिन तुम्ही विसरला नव्हता म्हणून."

त्यांनी हातातला पाना पुसून संपवला. "मंग तो तुला बोलंल. तू त्याला उलटून बोलशील. मला बोलला तर मी बाप हाय, मला चालतं. तुमचं दोघांचं पुढं लई दिवस जायचंय."

"पण तुमच्यावर आळ राहतो."

"कशाचा आळ? म्हातारा माणूस इसरतोच. राहू दे."

मला ते पटलं. पटलं कारण ते सोयीचं होतं, आणि वर बापाचा शब्द मोडला नाही असंही वाटून घेता येत होतं. मी त्यांना आणखी एकदाही विचारलं नाही. पाने धुऊन झाल्यावर त्यांनी गोणपाटाची गुंडाळी केली, सुतळीनं बांधली आणि मला माळ्यावर ठेवायला लावली. मी स्टुलावर चढून ती ठेवली.

त्यानंतर मोटार घेऊन कोणी आलं की ते म्हणायचे, आता जमत न्हाई. दोन-तीनदा असं झाल्यावर लोक यायचे थांबले. पिनेची गोष्ट तोवर बस स्टँडवर पोचली होती. चाचा ती चहाच्या टपरीवर सांगायचे, वाईट हेतूनं नाही, मित्राची गंमत म्हणून. अण्णांचं सकाळचं स्टँडवर जाणं कमी झालं, मग बंद झालं. हात आता दिवसभर हलायचा. पाना धरल्यावर तो गप बसतो का, हे बघायची वेळच येत नव्हती. माय म्हणायची, "नुसते बसून राहतात. टीव्ही लावून दिला तर टीव्हीकडं बघतात, बंद केला तर बंद टीव्हीकडं." मी मायलाही काही सांगितलं नाही.

दुरुस्त होऊन गाडी आली. मी ती घेऊन टेंभुर्णीला गेले आणि म्हणाले, "चला अण्णा, धावड्यापर्यंत चक्कर मारून येऊ. आत्याला भेटू." ते आले. जाता-येता एकदाही इंजिनाबद्दल बोलले नाहीत. उतरताना फक्त म्हणाले, "चांगलं केलं त्यानं काम." मी म्हणाले, "तुमचे चार व्हॉल्व्ह तसेच ठेवलेत त्यात." ते म्हणाले, "तुझे. तूच घासल्ते ते."

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आसपास अण्णा गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मोठा मांडव घातला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. डेपोतले लोक बोलले. शेवटी भाऊ उभा राहिला. तो चांगलं बोलतो. अण्णांनी त्याला सायकल कशी शिकवली, ते सांगितलं. मग म्हणाला, "आणि म्हातारपणी ताईच्या गाडीचं इंजिन यांनी घरी खोललं. तीन महिने खपले. सगळं बरोबर केलं आणि शेवटी एवढीशी पिन काढायची विसरले." त्यानं बोटांनी पिन दाखवली. लोक हसले, डोळे पुसता पुसता हसले. चाचा मान डोलावत होते. अण्णांवर सगळ्यांचं प्रेम होतं आणि त्या क्षणी ते प्रेम त्या खोट्या गोष्टीवर उभं होतं. मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते.

दोन महिन्यांनी मी भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं. पिन मला आठवत होती, हेसुद्धा. 

तो म्हणाला, "तुला एक माहीत नाही. त्या दिवशी संध्याकाळी पुण्याला निघायच्या आधी मी त्यांना बाजूला घेतलं होतं. हात जोडले त्यांच्यापुढं. म्हणालो, अण्णा, आता पुन्हा पान्याला हात लावू नका, शब्द द्या मला. ते म्हणाले, बरं, दिला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू एक शब्द बोलली असतीस तर मी असलं कशाला म्हणालो असतो?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आता ठेवतो."

महिनाभर त्याचा फोन आला नाही. मग आला, मायच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल. आता आम्ही नियमित बोलतो. तो विषय पुन्हा निघालेला नाही, पण पूर्वी तो मला चिडवायचा, भांडायचा, ते गेलं. अण्णांना जे टाळायचं होतं ते टळलं नाही. थोडं उशिरा झालं इतकंच, आणि तोवर ते त्यासाठी आपली शेवटची दीड वर्षं देऊन बसले होते.

राहिले होते चाचा. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर बसले होते, गुडघ्यांमुळं आता फार चालत नाहीत. मी त्यांनाही सांगितलं.  ऐकून झाल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी त्याला लई चिडवलं, बेटी," ते म्हणाले. "स्टँडवर, चार माणसांत. तो नुसता हसायचा. मला वाटायचं, याला पण गंमत वाटून राह्यली."

"तुम्हाला माहीत नव्हतं, चाचा."

"त्याला तर माहीत होतं ना. तरी त्यानं मला नाही सांगितलं. चाळीस वर्षांची दोस्ती." ते रस्त्याकडे बघत होते. "यायचा बंद झाला तेव्हा मी म्हणलो, तब्येत बरी नसेल. घरी जायला पायजे होतं मी. नाही गेलो जास्त."

घरातून त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं. मी पाणी पिऊन पेला खाली ठेवला.  माफी मागायची तर ती त्यांची मागायची होती की कोणाची, तेही मला कळत नव्हतं. मी उठले तेव्हा ते म्हणाले, "आता टपरीवर जाऊन सांगू का सगळ्यांना, की मी खोटं सांगत होतो?"

मी म्हणाले, "सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला समजलं नाही. त्यांनी सांगितलं की नाही, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.